ड्रममधल्या संत्र्याचा ताण

नोकरीपायी दूर नर्मदेकाठच्या शहरात स्थायिक झालेल्या डोमाजींच्या गच्चीवर अर्धा कापलेला निळा ड्रम आहे आणि त्यात संत्र्याचं एक झाड आहे. झाड कसलं, लाडावलेलं लेकरूच. शेणखत जवळच्या पनागरहून येतं, पानं ओल्या फडक्यानं पुसली जातात, आणि फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून डोमाजींचा सकाळचा चहा त्याच्याच सोबतीनं होतो. सगळं आहे, फक्त संत्रं नाही. एकही नाही, कधीच नाही.

कलम दिलं काटोलच्या अनसूयाआक्कानं, डोमाजींच्या थोरल्या बहिणीनं. तिची स्वतःची संत्र्याची बाग, त्यामुळे तोंडाला लगाम नाही. "नेऊन राहिला तर ने, डोमा, पण तिकडं फळ काही धरायचं नाही," असं तिनं देतानाच ऐकवलं. त्यावर डोमाजी भर पंगतीत बोलून गेले, "आक्का, माझ्या झाडाचा संत्रा तुझ्या हातावर नाही ठेवला, तर नावाचा डोमाजी नाही." झालं! तेव्हापासून दर हिवाळ्यात आक्काचा फोन येतो, "आला का रे?" आणि डोमाजी विषय हवापाण्यावर नेतात. आक्का आता थकत चालली आहे, हेही त्यांना आत खुपतं.

संत्र्याला बहार यायचा तर ताण द्यावा लागतो. थंडीत पाणी पार तोडायचं, झाड सुकू द्यायचं, पानं गळू लागली की मग भरपूर पाजायचं. घाबरलेलं झाड फुलून येतं. काटोलकडं हे शेंबडं पोरही सांगेल. डोमाजी दर वर्षी ताण देत आणि तो काही बसत नसे. झाड आपलं हिरवंगार, माती ओलसर. "नर्मदा का असर है," ते शेजारच्या दुबेजींना समजावत, "यहाँ ओस बहुत गिरती है." दवापासून राखायला त्यांनी ड्रमवर ताडपत्री बांधली. माती तरीही ओलीच.

यंदा एका दुपारी डोमाजी बँकेतून लवकर परतले, आणि गच्चीवर त्यांना दव दिसलं. दवानं पदर खोचला होता, शेजारी तांदूळ धुतलेल्या पाण्याचं पातेलं ठेवलं होतं, आणि ते ताडपत्रीची गाठ सोडत होतं. डोमाजींची बायको, भागीरथाबाई.

"काहून वं? इतकी वर्षं तूच पाणी देऊन राहिली?"

"मंग कोण देईन? तहानेनं मान टाकली बिचाऱ्यानं."

"अवं, ताण आहे तो."

"असन. पण फाटकापाशी माठ कोणी ठेवला? या घरात पाण्याले कोणाले नाही म्हणायचं नाही, हे मी लगीन करून आली तेव्हाच सांगतलं तुमी. आता झाडाले काय सांगू, का तुले हे लागू नाही म्हणून?"

येणाऱ्याजाणाऱ्यांसाठीचा तो माठ डोमाजींचाच. घराला फाटक बसायच्या आधी तो बसला होता. त्यांचे आजोबा गावच्या विहिरीपाशी ओंजळ धरून ताटकळत, वरून कोणी ओतलं तरच पीत. ही गोष्ट डोमाजींनीच घरात सगळ्यांना पाठ करवली होती.

पण आक्काला शब्द दिला होता ना! डोमाजींनी डोकं लढवलं आणि बायकोला नागपूरला, लेकीकडे पाठवून दिलं. गाडी सुटेपर्यंत हात हलवला, घरी येऊन गच्चीवरच्या नळाची तोटी आवळली. आता बघतो, म्हणाले.

आणि बघतच बसले. आधी पानं मलूल झाली, मग त्यांच्या कडा वळल्या. डोमाजींना चहा गोड लागेना. खुर्ची फिरवली, जिन्यापाशी नेली, तरी मान वळायचीच. आणखी थोडी कळ काढली असती तर काम फत्ते होतं. पण एका सकाळी ते खाली गेले, माठातून तांब्या भरून वर आले. ओतता ओतता लक्षात आलं की आपण वर उभे आहोत आणि झाड खाली वाट बघतंय. ते ड्रमपाशी उकिडवे बसले आणि उरलेलं पाणी हळूहळू बुंध्याशी सोडलं. मग रोजच सोडू लागले.

भागीरथाबाई परतल्या त्या पिशवी टाकून थेट गच्चीवर. झाड टवटवीत. त्यांनी ताडपत्रीखाली बोट घालून माती चाचपली. डोमाजी पलीकडे कबुतरं हाकत होते. तिथं एकही कबुतर नव्हतं.

तेवढ्यात आक्काचा फोन वाजला. डोमाजींना उचलवेना. भागीरथाबाईंनी ओलं बोट पदराला पुसलं आणि फोन घेतला.

"नाही ना आक्का, यंदाही नाही आला," त्या म्हणाल्या. "काय करता, आमच्या इकडं दव भारी पडते."