विहीण रुसली नाही

आक्काच्या लग्नात विहीण रुसली नाही, आणि तिथंच आमच्या घरादाराला घोर लागला.

विहिणीनं रुसायचं असतं. भात गार झाला, पाट डुगडुगतो, मानाचं लुगडं आखूड पडलं, काहीतरी काढून तिनं तोंड फिरवून बसायचं, मुलीकडच्या बायकांनी विनवण्या करायच्या, मग तिनं उठायचं. हे सगळ्यांना पाठ असतं. आमची विहीण मात्र आली, पानावर बसली, वरणभात जेवली आणि हात धुऊन उठली. चकार शब्द नाही. माझी थोरली चुलती म्हणाली, "भांडली असती तर बरं झालं असतं बाई."

याला कारण मी होते. म्हणजे माझं गाणं.

आमच्या पिंपळगाव रेणुकाईला तेव्हा लग्नात मुलीकडच्या बायका रुखवत घेऊन जानवशावर, म्हणजे वऱ्हाड उतरलेल्या घरी, जायच्या. टोपल्यांत लाडू, करंज्या, सांडगे, वर लाल फडकं. फडकं काढायच्या आधी विहिणीला चिडवणारी गाणी म्हणायची, आणि तिकडच्या बायकांनी तशीच उलटून परत करायची. जो गप्प बसेल तो हरला. एरवी चार माणसांत ज्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता, त्या बायका त्या दिवशी तोंड भरून बोलून घ्यायच्या.

ही गाणी मी रचायची. वाचायला मी दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, मांडीशी बसून पोथीवर शिकले होते. लिहायला वही थोरल्या भावाची. निजामाचं राज्य, त्यामुळे भोकरदनच्या शाळेत त्याला उर्दू होती. तो वहीच्या एका टोकाकडून उर्दू लिहीत यायचा, मी दुसऱ्या टोकाकडून गाणी लिहीत जायची, आणि वर्षाच्या शेवटी मध्ये कुठंतरी आमची गाठ पडायची. तो मास्तरांचा मार खायचा, माझं कौतुक व्हायचं. गावातल्या चार लग्नांत माझी गाणी गाजली होती आणि चौदाव्या वर्षी मी स्वतःला फार मोठी समजत होते. आज हे कबूल करते. तेव्हा कोणी तोंडावर म्हटलं असतं तर चावलेच असते.

आक्काच्या रुखवताला मी म्हटलेलं गाणं असं होतं:

रुखवतात ठेवले लाडू, टोपल्या भरून शंभर,
इहीणबाई म्हणती कशी, आणखी थोडे भर!
इहीणबाईचा पाय केवढा, जोडा मिळंना बाजारी,
शिवता शिवता शिवणारा बी पडला की हो आजारी!

आमच्या बायका हसून हसून लोळल्या. चुलतीनं माझ्या पाठीवर थाप मारून सांगितलं, "आमच्या पोरीनं रचलंय!" विहीणबाई उंच, सडसडीत, सावळी. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग पुढं होऊन, अर्धं सरकलेलं लाल फडकं तिनं पुन्हा नीट टोपलीवर ओढून घेतलं. तिच्या बायका तोंड उघडून तयार बसल्या होत्या. तिनं मान हलवली, तशा त्याही गप्प झाल्या.

आक्काची गाडी वेशीबाहेर गेल्यावर आई माझ्याकडं वळली. इथं आक्काच्या हसण्याचं सांगायला पाहिजे. आक्का हसली की तिला उभं राहता यायचं नाही. भिंत धरायची, नाकातून आवाज काढायची, डोळ्यांतून पाणी. आईनं लग्नाआधी महिनाभर तिला शिकवलं होतं की तिथं असं हसायचं नाही, हसू आलंच तर पदर तोंडात धरायचा. आता आई मला म्हणाली, "पदरात तरी हसायला मिळंल का तिला? तुझ्या गाण्यापायी?"

आईनं माझी वही काढून उतरंडीच्या सगळ्यात खालच्या मडक्याखाली ठेवली. मी गाणं रचायचं सोडलं. दोन लग्नांची आमंत्रणं आली, मी पोट दुखतं म्हणून घरी राहिले. आणि ते खरंच दुखायचं.

वैशाखात लग्न झालं होतं. पहिल्या दिवाळीला आक्काला आणायला चुलतभाऊ मुराळी म्हणून गेला आणि चार दिवसांनी रिकामी गाडी घेऊन परत आला. त्यानं निरोप सांगितला, "इहीणबाई म्हणल्या, एवढ्या दिवाळीला पाठवता येत न्हाई. आन् ती गाणं रचणारी पोरगी हाय ना, तिला जल्दी आमच्याकडं पाठवून द्या."

"आक्का कशी हाय?" आईनं विचारलं.

"पाणी आणून दिलं तिनं. बोलली न्हाई काही."

आईनं करंज्यांचं सारण तसंच झाकून ठेवलं. दिवाळी झाली म्हणायची, एवढंच.

दादांनी गाडी जुंपली. बदनापूरच्या अलीकडं आक्काचं सासर, दोन दिवसांची वाट. वाटभर मी माफीचं बोलणं पाठ करत होते. काही केलं तरी ते गाण्याच्याच चालीवर यायचं आणि माझं मलाच कानफटात मारावंसं वाटायचं.

दादा ओसरीवर पुरुषांत बसले, मला आत धाडलं. आक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली. पदर कपाळाच्या खाली ओढलेला. माझ्या हातात तांब्या देताना तिनं डोळ्यांनी काहीतरी सांगितलं, पण मला ते कळलं नाही. ती परत स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहिली.

विहीणबाई किल्ली शोधत होती. कोनाड्यात हात घातला, डब्यामागं पाहिलं, चुलीवरची फळी चाचपली, "आत्ता हितं होती" म्हणून घरावर रागावली. किल्ली तिच्या कमरेला होती, मला बसल्या जागेवरून दिसत होती. सांगायची माझी छाती झाली नाही. तेवढ्यात लांबून आगगाडीची शिट्टी ऐकू आली. विहीणबाई किल्ली सोडून परड्यात गेली आणि त्या दिशेला तोंड करून ओरडली, "आज बी उशीर! रोज सांगून राह्यले!" मग आत येऊन माझ्यासमोर बसली. आयुष्यात ती त्या गाडीत एकदाही बसली नव्हती, हे आक्कानं मला नंतर सांगितलं.

मी पाया पडले. "मावशी, चुकलं माझं. तुमचा अपमान झाला."

"कुठं झाला?" ती म्हणाली.

मी वर पाहिलं.

"शंभर लाडू म्हणली ना तू? मला गोड चालत न्हाई. ल्हानपणापासून. तुमच्या मांडवात बी मी लाडवाला हात लावला न्हाई. पाह्यलं होतं का तू?"

"न्हाई."

तिनं लुगड्याचा काठ सारून पाऊल पुढं केलं. एवढ्या उंच बाईचं पाऊल माझ्या पावलापेक्षा लहान होतं. "जोडा मिळत न्हाई हे बराबर हाय. पोरींचा घ्यावा लागतो. हे पाह्यलं होतं का?"

"न्हाई."

"आठ गावांत मला रुखवताला बोलावतात. एकच लेक माझा. त्याच्या लग्नासाठी दोन महिने दळताना गाणी जुळवली म्या. म्हणलं, तिकडची पोरगी लिहिणारी हाय, मजा येईन. आन् तू काय आणलं? कोण्याबी इहिणीला लागू पडंल असं गाणं. मंग मी कशाला आल्ते? त्याला उत्तर द्यायचं म्हंजे मलाच कमीपणा. म्हणून फडकं ओढून घेतलं."

खरं म्हणजे त्याच क्षणी मला हायसं वाटायला हवं होतं. पण माणूस काय चीज आहे पाहा. अपमान केला म्हणून मी माफी मागायला आले होते, आणि अपमान नीट केला नाही म्हणून बोलणी खाताना माझं डोकंच फिरलं. पाठ केलेलं सगळं उडून गेलं.

"मंग तिथंच सांगायचं होतं!" मी म्हणाले. "सहा महिने माझी आई धड जेवली न्हाई. दिवाळीला आक्काला अडकवून ठेवलं तुम्ही."

"अडकवून?" विहीणबाईनं दाराकडं पाहिलं. "बाप्या माणूस पाठवता तुम्ही मुराळी म्हणून. त्याला काय सांगू, तिसरा महिना हाय, गाडीचे धक्के सोसायचे न्हाईत म्हणून? म्हणून तर तुला बोलावलं. एका कामात दोन कामं."

आता मात्र माझा जीव भांड्यात पडला. मी भिंतीला टेकले आणि उगाचच रडले. पण हे सगळं सासूचं बोलणं होतं. आक्का अजून दाराआडच होती, पदरात.

"रडणं झालं का?" विहीणबाई म्हणाली. "मंग म्हण. बिलकुल नवं. अन् माझ्याकडं पाहून."

मी डोळे पुसले आणि पाहिलं. त्याआधी मी कोणाकडं असं पाहिलंच नव्हतं. गाणं रचायचं म्हणजे डोळे मिटून बसायचं, अशी माझी समजूत होती. बाई समोर ताठ बसली होती, आणि मी कशी पाहते ते पाहत होती. मी सुरू केलं:

"किल्ली हिच्या कमरेला, शोधती कोनाड्यात..."

विहीणबाईचा हात कमरेला गेला. किल्ली हाताला लागली तशी तिची मान थोडी खाली गेली. मला पुढची ओळ सुचेना. मी ओठ हलवत बसले. आणि दाराआडून आवाज आला, खणखणीत, अगदी चालीवर:

"आगगाडीला रागं भरती, उभी राहून परड्यात!"

सून सासूवर गाणं म्हणाली होती, सासूच्या घरात, तिच्या देखत. विहीणबाई हळूहळू दाराकडं वळली.

"तू बी?" तिनं विचारलं.

"रोज ऐकून राह्यले ना, आत्याबाई," आक्का म्हणाली.

विहीणबाईनं किल्ली कमरेची सोडून पुढ्यात ठेवली. "हं," ती म्हणाली. "आता झाला अपमान."

आणि आक्का हसली. दाराची चौकट धरून, नाकातून आवाज काढत, डोक्यावरचा पदर पाठीवर पडला तरी तिला भान नाही. ओसरीवर पुरुषांचं बोलणं थांबलं. दादा आतल्या बाजूला पाहत उठून उभे राहिले, ते मला दारातून दिसलं. ते हसू त्यांनीही ओळखलं होतं. विहीणबाई तिला म्हणाली, "बास कर, पोटात दुखंल," आणि स्वतःच तोंडाला पदर लावून बसली.

चार दिवसांनी आम्ही घरी परतलो. आई वेशीपर्यंत आली होती. तिनं गाडी थांबायच्या आतच विचारलं, "कशी हाय?"

"हसली," मी म्हणाले.

"पदरात?"

"न्हाई. चौकट धरून. सासूच्या समोर."

आई तिथंच रस्त्यात, गाडीच्या चाकाला हात लावून उभी राहिली. तिसऱ्या महिन्याचं वाटेत दादांना सांगितलं होतं, पण आईला सांगायचं मी विसरूनच गेले. ते घरी गेल्यावर दादांनी सांगितलं, आणि दादांना ते सांगताना फार अवघड गेलं.

त्याच दुपारी आईनं सगळी उतरंड उतरवली आणि खालच्या मडक्याखालची वही काढून माझ्यापुढं टाकली. "आक्का जे म्हणली ते लिही," ती म्हणाली. मी लिहिलं. आईला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "कुठं हाय ती ओळ?" मी तिचं बोट धरून ओळीवर ठेवलं.

फाल्गुनात आक्का बाळंतपणाला आली. तिला दाखवायला मी वही उघडली, तर त्या जागी आईच्या बोटाचा तेलकट डाग पडला होता, आणि अक्षरं पार पुसून गेली होती.