गावाच्या मधोमध

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मित्रांना नाही, बायकोला नाही. तुम्हाला का सांगतोय? तेही मला नीट माहीत नाही.

मी पत्रकांवर वाढलो. बेळगावात कॉलेजला असताना माझी भाकरीसुद्धा पत्रकात बांधलेली असायची. ‘पाणी सर्वांचं’ हे पत्रक मी स्वतः लिहून निपाणीच्या स्टँडवर चिकटवलं होतं. खळ माझ्या हाताला होती. हे आधी सांगतो — कारण मला कळत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्या गावात परदेशातून चार जण आले. इंजिनिअरिंग शिकणारी पोरं, सुट्टीत स्वखर्चानं आलेली. शाळेत राहायची, आमच्याच चुलीवरचं खायची, तिखटानं रडायची. गावाला बोअर मारून हापसा बसवून द्यायचा होता. इंग्रजी बोलणारा गावात मी एकटा. म्हणून दुभाषा मीच.

त्यांच्यातला दाढीवाला मुख्य. त्यानं सगळ्या गल्ल्या टेपनं मोजल्या, बौद्धवाडासुद्धा. मग सगळ्या घरांना सारखीच जवळ पडेल अशी जागा काढली — बरोबर गावाच्या मधोमध, देवळासमोर. तिथंही पाणी आहे, बौद्धवाड्याच्या वाटेवरही आहे, मग न्यायानं मधेच बसवू, म्हणाला. टेपला अंतर कळतं. त्या जागेवर वाड्यातल्या माणसांना पाय ठेवता येत नाही, ते टेपला कसं कळावं? पण माणूस प्रामाणिक होता. मला म्हणाला, खड्डा घेण्याआधी बायकांना विचार. पाणी त्या भरतात.

वाड्यातली गौराक्का लांब उभी होती, ओढ्यातल्या झऱ्याची घागर घेऊन. बिड्या वळून घर चालवणारी बाई, माझ्या आईच्या वयाची. तरी मला अहो-जाहो करायची. मी विचारलं. ती म्हणाली —

“आण्णा, तेवढं सांगा की त्यास्नी. देवळाम्होरं हापसा बसला तर आमास्नी थेंब न्हाय मिळायचा. वाड्याच्या वाटंवर बसवा म्हणावं. सगळीच येऊंदेत की तितं, आमी काय न्हाय म्हणतोय व्हय?”

पारावर आप्पा बसले होते, माझे वडील. भोवती भावकी. थोड्या वेळापूर्वीच ते म्हणाले होते, “बघा रं, पोरगं कसं फाडफाड इंग्रजी झाडतंय! आता ह्याला बायकू बी मडमच बघाय पायजे.” सगळे हसले होते. आता हसत नव्हते. आप्पांच्या हातातला अडकित्ता सुपारीवर थांबला होता. त्यांनी डोळे वटारले नाहीत. फक्त थांबले.

आणि मी इंग्रजीत म्हणालो — ती म्हणते, जागा चांगली आहे. सगळ्यांना सोयीची आहे.

एवढंच.

दाढीवाल्याला आनंद झाला. त्यानं वाकून गौराक्काला हात जोडले. तिनंही घागर खाली ठेवून हात जोडले — तिला वाटलं, ऐकलं यानं. वाड्यात जाऊन तिनं सांगितलं म्हणे, गोरा व्हय म्हणाला.

मशीन देवळासमोर लागली. पाणी गोड लागलं. त्यांनी नारळ फोडला, फोटो काढले, गेले.

इथं थांबलो असतो तर? नाही थांबलो. पुढच्या वर्षी मी एक पत्रक लिहिलं, खडेबाजारातल्या छापखान्यात छापून घेतलं — परदेशी दयेवर, जात न दिसणाऱ्या गोऱ्या डोळ्यांवर. ‘त्यांनी हात जोडून फसवलं’ हे त्यातलं वाक्य. निपाणीत बिडी कामगार बायकांच्या सभेत ते वाचलं तेव्हा टाळ्या थांबेनात. माझं नाव झालं ते तिथून. आज माझं जे काही छापलं जातं, ते त्या वाक्याच्या जोरावर. त्या पोरांना मराठी येत नाही. ती कधी उत्तर देणार नव्हती. हे मी लिहितानाच जाणून होतो.

मला त्याचं वाईट वाटतं का? खरं सांगू — काही वाटत नाही. दाढ काढताना सुई दिल्यावर गाल असतो ना, आपलाच, पण आपला नसलेला, तसं.

परवा गावी गेलो होतो. हापशापासून लांब वाड्यातल्या बायका घागरी घेऊन बसल्या होत्या. दांड्याला त्यांनी हात लावायचा नाही. वरच्या आळीतलं कुणी आलं, त्याच्या मनात आलं, तर तो हापसून लांबून ओततो. मी गेलो, हापसू लागलो. गौराक्का आता वाकलीय. तिनं घागर पुढं केली आणि शेजारच्या नव्या सुनेला म्हणाली,

“ह्ये आपलं आण्णा. ह्येनीच त्या गोऱ्यास्नी आपलं सांगितलं हुतं गं. त्यांनी न्हाय ऐकलं, ते ऱ्हाऊंदे. पर सगळ्या गावाम्होरं ह्ये एकटं बोललं.”

सुनेनं मला हात जोडले.

मी दांडा हलवत राहिलो. गौराक्काची घागर भरली. मग मी सुनेची घागर भरली.