इस्त्री केलेल्या नोटा

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान होतं, आणि ते चालवणारी बाई सगळ्यांची इस्त्रीकाकू. कपड्याला नुसता हात लावून कापड कुठलं आणि इस्त्री किती तापवायची, हे ती डोळे मिटून सांगे. दर शनिवारी दुकान आवरताना ती आणखी एक काम करी. कमाईचा दहावा हिस्सा बाजूला काढी, त्या नोटांवर पातळ फडकं टाकून हलक्या हातानं इस्त्री फिरवी, पाकिटात भरी आणि रविवारी चर्चच्या दानपिशवीत टाकी. देवाला चुरगळलेलं कसं द्यायचं?

लोकांना याचं कोण कौतुक. खरं कारण तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी भाडं थकलं म्हणून एक महिना दशमांश राहिला, आणि त्याच महिन्यात थोरला जिन्यावरून पडला, पाय मोडला. तेव्हापासून तिच्या पोटात एक गोळा बसला होता. रविवारी पाकीट पिशवीत पडलं की तो विरघळे, शनिवारपर्यंत पुन्हा घट्ट होई.

आता धाकटीच्या कानामागे गाठ आली होती. आत हाडाकडे सरकतेय, उशीर नको, असं डॉक्टर म्हणाले. सोमवारी सकाळी आठला पैसे भरायचे, नाहीतर खाट दुसऱ्या कुणाला तरी जाणार. शनिवारी ते पैसे पाकिटात घालताना काकूला काय वाटलं कोण जाणे, तिनं त्यांनाही इस्त्री केली. दवाखान्याचीही मर्जी राखलेली बरी. एका पाकिटात मोठ्या नोटा, दुसऱ्यात दशमांशाच्या सुट्या. एरवी घरखर्चाचं पाकीट हाताला मऊ लागे आणि देवाचं कडक. या खेपेला दोन्ही कडक होती, आणि दोन्ही एकाच पर्समध्ये होती.

रविवारी दुपारी घरी येऊन तिनं पर्समधलं पाकीट उघडलं. आत दशमांशच होता. धाकटीचे पैसे पिशवीत गेले होते, आणि त्यांच्यावर पाळकसाहेबांची प्रार्थनाही होऊन गेली होती.

"जा, मागून आण," नवरा म्हणाला. तो गवंडी. त्याला सगळं ओळंब्यासारखं सरळ दिसे.

"दिलेलं परत मागू? उद्या तिला आत नेणार, आणि आज मी देवाच्या हातातून काढून घेऊ?"

"मग देवालाच सांग, उद्या आठला दवाखान्याच्या खिडकीवर उभा राहा म्हणून."

ती हसली नाही. मागितले तर देव रागावणार, न मागितले तर खाट जाणार. तासभर ती धाकटीच्या कानामागचा फुगवटा बघत राहिली, मग चपला घातल्या.

चर्चचे खजिनदार म्हणजे कुलूपमामा. किल्ल्यांचा जुडगा ते आंघोळीलाही काढत नसत म्हणे.

"पिशवी सोमवारी संध्याकाळी उघडते, दोन साक्षीदारांसमोर," ते म्हणाले.

"मामा, सोमवारी सकाळी पोरीचं ऑपरेशन आहे."

मामांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पाळकसाहेबांना बोलावून आणलं. कपाट उघडलं. पाकीट शोधायला वेळ लागला नाही. मामा म्हणाले, "ताई, तुमच्या नोटा मी अंधारातही ओळखतो. पापडासारख्या असतात."

काकूनं घाईघाईनं दशमांशाचं पाकीट पुढे केलं. "हे घ्या, त्याच्या बदल्यात."

"बदल्यात?" पाळकसाहेब म्हणाले. "आणि आज हे द्यायचं राहिलं असतं तर?"

तिच्या तोंडून मग थोरल्याचा पाय निघाला, तो जिना निघाला, सहा वर्षांचं सगळं निघालं. पाळकसाहेबांनी दशमांशाचं पाकीट तिच्या हातात परत ठेवलं.

"पोरं गहाण ठेवून घेणारा सावकार नाही तो, ताई. हे पाकीट घरी ने. आणावंसं वाटेल तेव्हा आण. भीतीनं आणू नकोस."

पैसे मिळाले, खाट वाचली. पण काकूच्या पायाखालची जमीनच सरकली. पाकीट न देता उद्याचा दिवस काढायचा?

सोमवारी धाकटीला आत नेलं. "आई, तू इथंच बस हं," ती ढकलगाडीवरून म्हणाली. दार मिटलं. वऱ्हांड्याच्या टोकाला गरीब रुग्णांसाठी दानपेटी होती. काकू दोनदा उठून तिथवर गेली. दुसऱ्यांदा तर पाकिटाचा कोपरा फटीत शिरला होता. तिनं ते बाहेर ओढलं आणि परत येऊन बाकावर बसली. डोळे मिटले. इतक्या वर्षांत काहीही न देता ती पहिल्यांदाच मागत होती, आणि शब्दच सापडत नव्हते. नुसतं 'माझी पोर, माझी पोर' एवढंच.

दार उघडायला अडीच तास लागले. गाठ पूर्ण निघाली होती. नर्सनं विचारलं, "हातात काय आहे तुमच्या?"

पाकिटाचा घामानं लगदा झाला होता.

पुढच्या शनिवारी काकूनं त्या पाकिटातल्या नोटा फळीवर पसरल्या, इस्त्री उचलली आणि खाली ठेवली. पोटातला गोळा अजून तिथंच होता. रविवारी तिनं नोटा तशाच, चुरगळलेल्या, पिशवीत टाकल्या.