नानांची जीभ आणि हिरवी वांगी

बातमीदाराकडे छापलेल्यापेक्षा न छापलेलंच जास्त साठतं. मंत्री, कलेक्टर, कंत्राटदार, सगळ्यांचे किस्से माझ्याकडे आहेत. पण जळगावच्या आमच्या ऑफिसात चहाला चार जण जमले की गाडी फिरून फिरून वांग्यावरच येते. त्याला कोण काय करणार!

* * *

एकदा मुख्य कार्यालयाचा हुकूम आला, ‘वांग्याचे आरोग्याला फायदे’ लिहा. एका वैद्यांना विचारलं. म्हणाले, “वांगं वातूळ!” दुसऱ्यांना विचारलं. म्हणाले, “भाजलेलं वांगं पचायला हलकं!” शेवटी बाजारातल्या भाजीवालीला विचारलं. ती म्हणाली, “भाऊ, घ्यायचं तर घ्या. त्याची तब्येत काय विचारता?”

मी तिघांचंही छापायला पाठवलं. सकाळी पेपर उघडला, तर फोटो जांभळ्या वांग्याचा! भरताचं आमचं वांगं हिरवट-पांढरं, हातभर. दिवसभर वाचकांचे फोन. मी मुख्य कार्यालयाला फोन लावला. “उद्या केळीच्या बातमीला सफरचंद लावा!”

तिकडचा उपसंपादक शांतपणे म्हणाला, “सर, वांगं ते वांगंच ना?”

मी फोन ठेवला. भांडायलाही समोरच्याला थोडं कळावं लागतं.

* * *

आमचा फोटोग्राफर सलीम. चातुर्मासात निम्मं ऑफिस वांगं सोडतं, चंपाषष्ठीला पुन्हा सुरू करतं. सलीमच्या घरीही ते चार महिने वांगं शिजत नाही.

“तुला रे कसला चातुर्मास?” मी विचारलं.

“मला नाही हो, शेजारच्या काकूंना आहे. आमच्याकडे वांगं भाजलं की वास त्यांच्या घरात जातो. मग त्या अम्मीला म्हणतात, माझा नेम मोडायला निघालीस का!”

* * *

नाना आमचे जुने उपसंपादक. धुळ्याकडचे, बोलणं अस्सल अहिराणी. निवृत्त झाले तरी रोज ऑफिसात येऊन आमच्या चुका काढायचे. भरताचा घास घेतला की सांगायचे, “हाई गॅसवरलं शे. पोटले चाली, जिभले नही!” भरीत कपाशीच्या काड्यांवरच भाजायचं, हा त्यांचा कायदा.

एका प्राध्यापकांनी त्यांना सांगितलं, वांगं इथलंच, मिरची मात्र परदेशातून आली.

“मंग मिरची येवाना आधी लोके भरीत कसं खायेत?”

“मिरे घालून खात असतील.”

नानांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, “बिचारे लोके!”

* * *

मग नानांना मोठा ताप आला. ताप गेला, पण जिभेची चव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही. हे कसलं उत्तर? मी डॉक्टरांशी भांडलो. उपयोग शून्य.

नानांनी बायकोला मात्र सांगितलं, चव आली. त्यांची बायको म्हणजे आमच्या सगळ्यांच्या अक्का. एक दिवस अक्का ऑफिसात आल्या. “भाऊ, लगीन व्हयनं तवयपासून हाऊ माणूस भाजीले नावं ठेवस. आते मुकाट जेवस. याले चव नही शे.”

त्या वर्षी चंपाषष्ठीला सगळ्यांचा चातुर्मास संपला, अक्कांचा सुरूच राहिला. यांना चव येईल तेव्हाच मी वांगं खाईन, म्हणाल्या.

मी तापलो. “अक्का, तुम्ही वांगं सोडून त्यांची जीभ कशी बरी होणार?”

“तू तुना पेपर लिख. मना नेम मी पाळसू.”

* * *

यंदाची ऑफिसची भरीत पार्टी बोदवडकडच्या एका शेतात झाली. काड्यांचा जाळ, लसूण, हिरवी मिरची, कांद्याची पात, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. भरीत कुटलं अक्कांनीच. न चाखता.

पहिला घास घेतला आणि मी थांबलो. मीठच नाही! सलीमनं माझ्याकडे पाहिलं. अक्का समोर उभ्या. स्वल्पविरामावरून संपादकांशी भांडणारा मी, घास गिळला आणि म्हणालो, “अक्का, एक नंबर!”

“क्या बात है!” सलीम म्हणाला. बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

नानांनी घास तोंडात घातला. चावला. पुन्हा चावला. मग ताट पुढे सरकवत ओरडले, “अक्कल ठिकाणावर शे का? मीठ कोन टाकी?”

अक्कांनी पदराची गाठ सोडली. आत मिठाची पुडी होती. ती त्यांनी नानांच्या ताटाशी ठेवली आणि तिथेच खाली बसल्या.

“सलीम,” डोळे पुसत म्हणाल्या, “माले बी वाढ रे.”