बिनमिठाचा डबा

आमच्या शोभीची लघवी डॉक्टरांनी काचेच्या नळीत घेतली, स्पिरिटच्या दिव्यावर धरली, आणि ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी घट्ट झाली.

"नेफ्रॉटिक सिंड्रोम," डॉक्टर म्हणाले.

मी चौथी नापास माणूस, इतवारी बाजारात भांड्यांचा ठेला ओढणारा. म्हटलं, साहेब, मराठीत सांगा. मग त्यांनी सांगितलं. मूत्रपिंड म्हणजे अंगातली गाळणी. ती बिघडली की अन्नातलं सत्त्व लघवीतून वाहून जाते आणि अंगात पाणी साचते. म्हणून ही सूज.

ती सूज आहे हे आम्हाला समजलंच नव्हतं. सात वर्षांची काडीसारखी नात, गाल वर आले तर आम्हाला वाटलं पोरगी अंगानं भरली. शेजारणी म्हणत, शोभी गुबगुबीत झाली. माझी बायको रोज तिची दृष्ट काढे. ज्यांच्या घरी लेकराचं तोंड सकाळी उठल्यावर फुगलेलं दिसते त्यांना माझं सांगणं आहे, दृष्ट काढत बसू नका. लघवी तपासा.

तिला मुलांच्या दवाखान्यात भरती केलं. सून बाळंतीण होती, मुलगा ट्रकवर. म्हणून वॉर्डात मी बसायचो आणि बायको घरून डबा आणायची. स्टेरॉइड नावाच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. मीठ बिलकुल नाही. आणि पोरीनं जेवलंच पाहिजे, नाहीतर वाहून गेलेली ताकद भरून निघणार नाही, आणि अशात दुसरं काही दुखणं लागलं तर जड जाईल.

तिथंच सारं अडलं. शोभी जेवेना. वरण-भात तोंडात घेतला की थुंके. बायको म्हणे, "खाय वं माय, किती गोड झालं आज." मी म्हणे, लई चांगलं आहे. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडे. आठवड्यानं पोट अजून तटतटलं. राउंडला डॉक्टर मला म्हणाले, "आजोबा, औषध एकटं काय करणार?"

त्याच दिवसांत सव्वीस जानेवारी आली. शाळांच्या मुली दवाखान्यात फळं वाटायला येतात, तशा एका शाळेच्या आल्या. आठवीच्या असतील. जामांच्या टोपल्या घेऊन. पेरूला आमच्याकडे जाम म्हणतात. त्यांच्या बाईंनी त्यांना बजावून आणलं होतं की पेशंटसमोर रडायचं नाही, हसत राहायचं. तर त्या साऱ्या पोरी दात दाखवत आत आल्या. शेजारच्या खाटेवरचं पोलिओचं लेकरू ते दात पाहून भ्यालं आणि रडायला लागलं. एकीनं गाणं सुरू केलं, दुसऱ्या कडव्यावर विसरली. एकजण पाय बांधलेल्या पोराकडे बघत राहिली ती हलेचना. एक बाहेर व्हरांड्यात जाऊन ओकली.

आमच्या खाटेशी कुंदा नावाची आली, दोन वेण्यांची. शोभीला पाहून म्हणाली, "ही तर चांगली धष्टपुष्ट आहे, हिला कशाला ठेवलं?"

मी म्हटलं, "ते मांस नाही बाई, पाणी आहे."

तिचं हसू तोंडावरच थांबलं. काहीतरी करावं म्हणून तिनं जाम फोडला, आणि शाळेतल्या पोरींजवळ असते तशी मीठ-तिखटाची पुडी खिशातून काढून फोडीवर टाकली. मी हात पुढे करेपर्यंत शोभीनं फोड गिळून पुडी चाटायला घेतली होती. सिस्टर धावत आली. "मारता का पोरीला? मीठ बंद आहे तिचं!"

कुंदा हमसून रडायला लागली. बाई आल्या. "कुंदा, काय ठरलं होतं आपलं?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बाई, रडू द्या तिले. आम्ही इथं काय नाचून राहिलो का?"

बाईंचेही डोळे भरले होते.

कुंदानं नाक पुसलं. डब्याकडे बोट करून म्हणाली, "यात मीठच नाही?"

"नाही," डबा घेऊन आलेली बायको म्हणाली.

"बघू?" तिनं बोटानं वरण-भात उचलून तोंडात टाकला. "ई, बाप्पा! पुठ्ठा भिजवून खाल्ल्यासारखा लागते. हे रोज खाते तू?"

शोभी उठून बसली. "हाव. मी तं रोजच खातो."

सपशेल खोटं. पण ते खरं करायला तिनं एक घास घेतला आणि न थुंकता गिळला. मग दुसरी पोरगी पुढे आली, तिसरी आली. प्रत्येकीनं एक घास खाऊन तोंड वाकडं करायचं, आणि शोभीनं तिच्याकडे ऐटीत बघत आपला घास गिळायचा. "तुमाले नाही जमत," ती म्हणाली आणि हसली. बाईंनीही एक घास खाल्ला. डबा रिकामा झाला.

जाताना त्या पोरींनी हसायचा प्रयत्न केला नाही. काही रडतच गेल्या. पण जिना उतरताना त्या आपसात बोलत होत्या, येताना बोलत नव्हत्या.

बायको रिकामा डबा घेऊन उभी होती. म्हणाली, "आपण मीठ खाऊन तिले सांगत होतो गोड लागते म्हणून. ते पोट्टी खरं बोलली."

दुसऱ्या दिवसापासून तिनं स्वतःचं मीठ बंद केलं. डब्यात दोघींचं जेवण आणी, खाटेवर बसून शोभीसंगं जेवे आणि सांगे, "आज तं अजूनच बेचव झालं." शोभी म्हणे, "खाय आजी, सवय होते." सूज हळूहळू उतरली. एक दिवस डॉक्टरांनी नळी दिव्यावर धरली आणि लघवी पाण्यासारखी राहिली.

शोभीचं मीठ सुरू झालं. बायकोनं केलं नाही. मी म्हटलं, काहून? म्हणाली, "डॉक्टर म्हणते हे दुखणं उलटते. उलटलं तं मी तयार असलेली बरी." दुखणं एकदा उलटलं, मग नाही. बायकोनं मात्र मीठ पुन्हा कधीच घेतलं नाही. मी खात राहिलो, माझ्यानं झालं नसतं.

ज्यांचं लेकरू असं पडलं असेल, त्यांना सांगतो, त्याच्यापुढे खोटं हसू नका. बसा आणि त्याच्या ताटातलं खा. कुंदा आता कुठं आहे, माहीत नाही. त्या दिवशी रडली, बरं झालं.

यंदा बायको गेली. तेराव्याला शोभी सासरहून आली, लेकरू कडेवर. आजीचं पान तिनंच वाढलं. पानावर मीठ आधी वाढतात. तिनं चिमूट घेतली, जरा थांबली, आणि पानाच्या कोपऱ्यात ठेवली.

"आता खाय आजी," म्हणाली, "मी बरी आहे."