उन्हात चढणारी दारू

आमच्या घरात दारू कोणी पीत नाही, पण दारू घरात असते. ती बंदुकीची. लोखंडी कपाटात, कुलूपबंद, पोलिसांनी पाहून मान्य केलेल्या जागी. एकदा फोनवर सासूबाईंना मी बोलता बोलता म्हणाले, "आज दारू आणायला गेले होते," आणि त्यांनी लगेच फोन नवऱ्याकडे द्यायला सांगितलं. तेव्हापासून मी पावडर म्हणते.

पुण्यात कॉलेजला असताना मी एनसीसीत रायफल चालवत असे. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमागे जपानमध्ये त्सुकुबाला आले, भाषा शिकले, एका प्रयोगशाळेत मोजमापाच्या विभागात लागले. इथे रायफल मिळवायची तर आधी शॉटगन सलग दहा वर्षं बाळगावी लागते. मी बाळगली. परवान्याच्या वेळी पोलीस घरी आले आणि मला बाहेर बसवून त्यांनी नवऱ्याला विचारलं, "तुमची भांडणं होतात का?" तो म्हणाला, "होतात. एसी किती डिग्रीवर ठेवायचा, यावरून." परवाना मिळाला. सहा मिलिमीटरची, बारीक नळीची रायफल घेतली. मी प्राणी मारत नाही. तीनशे मीटरवर कागद लावते आणि पाच गोळ्या शक्य तितक्या जवळ जवळ मारते.

असं मारायचं तर काडतुसं स्वतः भरावी लागतात. पितळी पुंगळी, बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, पावडर, गोळी. यात सगळ्यात अवघड निवड पावडरची. माझी ठरलेली पावडर एका वसंतात येईनाशी झाली. दुकानदार म्हणाला, "परदेशातूनच माल येत नाही. कधी येईल सांगता येत नाही." त्याच्याकडे दोन दुसऱ्या होत्या. एक लांब दाण्यांची, शेवया चुरून ठेवाव्यात तशी. दुसरी गोल, बारीक, खसखशीसारखी. माझ्या रायफलीसाठी पुस्तकात दोन्ही दिल्या होत्या. मी दोन्ही घेतल्या आणि पुस्तकातल्या सगळ्यात कमी मापापासून सुरुवात केली.

रेंजवर माझ्या शेजारच्या बाकावर एक निवृत्त शिक्षक बसायचे. शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेले. सगळे त्यांना सेन्सेइ, म्हणजे गुरुजी, म्हणत, मीही म्हणायचे. त्यांनीच मला काडतुसं भरायला शिकवलं होतं. त्यांच्या रायफलीची नळीही माझ्यासारखीच होती आणि ते पूर्वीपासून खसखशीवालीच वापरत.

माझे कागद त्यांनी पाहिले. शेवयावालीची पाचही भोकं एकात एक गेली होती. खसखशीवालीची जरा पसरली होती.

"लांब दाण्यांची चांगली आहे," मी म्हणाले. "आणि ती उन्हातही बदलत नाही म्हणतात. बारीक पावडर गरम झाली की जोर वाढतो. गोळी वर जाते."

"जाते," ते म्हणाले.

"मग तुम्ही बदलत का नाही?"

"माझी यंत्रातून छान पडते."

यंत्र म्हणजे पावडर मोजायचं. वर नरसाळं, आत फिरणारा दांडा, दांड्यात एक खाच. मूठ फिरवली की खाचभर पावडर खालच्या पुंगळीत पडते. खसखस पाण्यासारखी वाहते, दरवेळी सारखीच. शेवया मात्र दांड्याच्या कडेत अडकतात, कचकन तुटतात, माप चुकतं. म्हणून मी प्रत्येक माप तराजूवर तोलून घ्यायची. मला ते कारण पुरेसं वाटलं नाही. यंत्राच्या सोयीसाठी नेम का सोडायचा? मी त्या वसंतात हा विषय त्यांच्यापुढे अनेकदा काढला. ते हसायचे आणि डब्यातल्या काकडीच्या फोडी पुढे करायचे.

ऑगस्टमध्ये डोंगरातल्या रेंजवर स्पर्धा होती. पत्र्याखाली बसलं तरी बाक तापलेलं. माझ्या गोळ्या पहिली गेली तिथेच जात राहिल्या. सेन्सेइंच्या पहिल्या तीन गोळ्या वर चढल्या. त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं, नेम खाली घेतला, पण तोवर गुण गेले होते. माझा नंबर आला, त्यांचा आला नाही.

रायफली गाडीत ठेवताना मी म्हणाले, "पावडरमुळे झालं."

"हो. पुढच्या रविवारी घरी या. जावई मासे घेऊन येणार आहे." मग त्यांना आठवलं, मी मासे खात नाही. "तुमच्यासाठी भाज्यांचं करू."

त्यांच्या घरामागे शेड होती. जेवणानंतर ते मला तिथे घेऊन गेले. तराजू काढला, त्यावर छोटी वाटी ठेवली आणि चमच्याने दाणे टाकू लागले. वाटीत कमी, टेबलावर जास्त. चमचा वाटीच्या कडेला लागून बारीक वाजत राहिला. त्यांचा हात थरथरत होता. बाकावर रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकलेली असते, तिथे एक बोट चालतं. तराजूपुढे पूर्ण हात लागतो.

"वयामुळे आहे, डॉक्टर म्हणतात," ते म्हणाले. "यंत्राची मूठ मात्र फिरवता येते."

मी म्हणाले, "मी तोलून देते."

"नाही चालत. ज्याने भरलं त्यानेच मारायचं. दुसऱ्यासाठी भरणं गुन्हा आहे. तुमचा परवाना जाईल, माझाही."

हे मला माहीत होतं. तरी मी बोलून गेले.

परत येताना गाडीत मी विचार करत होते की यंत्रातून वाहील आणि उन्हातही चढणार नाही, अशी एखादी पावडर असलीच पाहिजे. ती होती. आखूड कापलेल्या दाण्यांची, राजगिऱ्याहून थोडी मोठी. दुकानदाराने मागवून दिली. पोलिसांची परवानगी, पावती, सगळं नव्याने. शरद ऋतूत मी ती माझ्या रायफलीत मारून पाहिली. यंत्रातून बऱ्यापैकी पडत होती. भोकं शेवयावालीइतकी एकात एक जात नव्हती, पण खसखशीवालीहून बरी होती. नवरा म्हणाला, "तुला जिच्यात नंबर मिळाला ती सोडून तू हे काय करते आहेस?" मी म्हणाले, "बघते आहे." हिवाळ्यातही पाहिलं, आणि वसंतातल्या पहिल्या गरम दिवशी काडतुसं मुद्दाम उन्हात ठेवून पाहिलं. गोळ्या जागच्या हलल्या नाहीत.

मग मी कागद घेऊन सेन्सेइंकडे गेले. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक कागद पाहिला.

"फार चांगलं काम केलंत," ते म्हणाले.

"तुमच्या रायफलीतही करून पाहा. दुकानात आहे अजून."

"नको."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"ही वाईट नाही," ते म्हणाले. "पण जुनी मला माहीत आहे. ती केव्हा किती चढते ते मी ओळखतो. नवीन पावडर ओळखायला दोन-तीन वर्षं लागतात. तेवढा वेळ मला तिच्यात घालायचा नाही."

मी कागद गोळा केले. थोडा राग आला, तो स्टेशनच्या सिग्नलपर्यंत टिकला. घरी येऊन मी शेवयावालीचा डबा उघडला, तराजू लावला, आणि चार मापं तोलल्यावर लक्षात आलं की मला आता तोलायचा कंटाळा येतो आहे. महिनोन्‌महिने यंत्राची मूठ फिरवून सवय मोडली होती. डबा बंद केला. त्यानंतर मी राजगिऱ्यावालीच वापरते.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तीच रेंज, तेवढंच ऊन. सेन्सेइंनी काडतुसांचा डबा ओल्या पंचात गुंडाळून सावलीत ठेवला होता. एक काडतूस काढायचे, नळीत घालायचे आणि ते तापायच्या आत मारायचे. मध्ये बोल्ट, म्हणजे नळीमागची कडी, उघडा ठेवून नळी निवू द्यायचे. तरी थोडी चढणारच, म्हणून नेम त्यांनी सुरुवातीलाच खाली घेतला होता. शेजारचे लोक भराभर मारत होते, हे सावकाश. वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा त्यांची शेवटची गोळी नुकतीच गेली होती.

ते तिसरे आले. मी सहावी.

"अभिनंदन," मी म्हणाले.

"आज ढग आले असते तर चुकलं असतं," ते म्हणाले. "सगळ्या खाली गेल्या असत्या." मग त्यांनी पंचा पिळला, गाडीच्या आरशावर वाळत टाकला आणि मला विचारलं, वाटेत थंड सोबा नूडल्स खायला थांबूया का. मी नवऱ्याला उशीर होईल असा निरोप पाठवला. बंदुका गाडीत सोडून जाता येत नाही, म्हणून आधी ते आत जाऊन खाऊन आले, मी गाड्यांपाशी थांबले. मग मी गेले, ते थांबले.