वायफाय आहे, पण इंटरनेट नाही

ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि बोलणंच गेलं. वाचा-उपचार करणाऱ्या बाई ठाण्याच्या. तिथवर न्यायचं म्हणजे हायवेवर कंटेनर-ट्रकच्या रांगेत रिक्षात अडकून पडायचं, म्हणून त्या व्हिडिओ कॉलवरच शिकवायला लागल्या. मी शाळेतून यायची, साडीही न बदलता ह्यांना उशीला टेकवून बसवायची, समोर लॅपटॉप ठेवायची. बाई दोन वाक्यं बोलल्या की चित्र गोठायचं. हे माझ्याकडे बघायचे, जणू मीच काही बिघडवलंय.

घरातलं नेट ह्यांनीच बसवलेलं. हे कापडाच्या लूमच्या कारखान्यात वायरमन होते. मला कधी त्यात डोकं घालावंच लागलं नव्हतं. फोनवर कंपनीच्या मुलीने विचारलं, "लाल दिवा मोडेमचा आहे की राउटरचा?" मी म्हटलं, "दोन डबे आहेत बाई, मला एवढंच दिसतंय."

बऱ्याच फोननंतर कंपनीचा माणूस आला. तोही माझ्यासारखाच दमलेला. पाणी पिऊन कामाला लागला.

"मोबाइलवर वायफायच्या काड्या पूर्ण दिसतात, तरी चालत नाही. असं कसं?"

"ताई, काड्या म्हणजे तुमचा मोबाइल राउटरपर्यंत पोचला, एवढंच. राउटर घरात वाटून देतो. बाहेरून आणून देतो तो हा मोडेम. बाहेरची लाइनच खराब असेल तर वायफाय असून इंटरनेट नाही."

त्याने गॅलरीतली खराब वायर बदलली. हॉलमध्ये सगळं सुरळीत झालं, पण आतल्या खोलीत, ह्यांच्या पलंगापाशी बाईंना कॉल लावून पाहिला, तर चित्र पुन्हा अडकायला लागलं.

"मध्ये भिंती, त्यात हे लोखंडी कपाट. इथे रेंज पोचत नाही. रिपीटर घ्या, तो सिग्नल पुढे ढकलतो."

तेवढ्यात हे डाव्या हाताने पलंगाची कड बडवायला लागले. "के... के..."

"केळं हवंय? केस विंचरू?"

ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, दमू नका," म्हणताना माझाच आवाज चढला. ह्यांचं बोट कपाटाच्या माथ्याकडे रोखलेलं होतं. त्या माणसाने हात घालून धुळीने भरलेलं वायरचं वेटोळं काढलं.

"केबल?" मी ह्यांना विचारलं.

ह्यांनी डोळे मिटून मान डोलावली.

"लॅन केबल!" तो माणूस म्हणाला. "एक टोक राउटरला, दुसरं लॅपटॉपला. मग रिपीटर कशाला? केबलला भिंतीचा अडथळा नाही."

त्या संध्याकाळी बाई एकदाही गोठल्या नाहीत. त्यांनी कप दाखवला. हे म्हणाले, "के." चमचा दाखवला, तरी "के." बाई म्हणाल्या, "असं होतं. एकच आवाज तोंडात बसतो. हळूहळू सुटेल."

हे बसल्या बसल्याच झोपले. मी पाय उचलून पलंगावर नीट ठेवले. भाकऱ्या करायच्या होत्या. पण मलाच उठवेना, म्हणून तिथेच फरशीवर बसून राहिले.